मधल्या पायातली फट

दि. ६ फेब्रुवारी

ती. स्व. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि. नमस्कार मनापासूनचा आहे. पुढचं सगळं वैतागून लिहिलंय.

खरं तर फोनच करणार होतो. पण तुमच्याकडचा फोन दादाच्या खुर्चीला खेटून, आणि हे त्याच्या कानावर जायला नको.

दादाने गुंडाळून पाठवलेले ट्रान्सफॉर्मर पोचले. पेटी उघडली तेव्हा आमच्या विभागातली झाडून सगळी माणसं बघायला जमली. तांब्याची तार अशी एकीला एक लागून बसवलेली, की कुणाला वाटावं मशीनने गुंडाळलीय. मी कॉलर ताठ करून फिरत होतो. मग पहिला यंत्रात बसवला, बटण दाबलं आणि फाडकन ट्रान्झिस्टर उडाला. दुसऱ्याचं तेच. तिसऱ्याच्या वेळी साहेब स्वतः शेजारी उभे होते, त्यांच्या चष्म्यावर धूर गेला. हे यंत्र ज्यांना घरी श्वासाला मदत लागते त्यांच्या उशाशी ठेवायचं आहे, दिवे गेले तरी बॅटरीवर चालणारं. त्यातून धूर निघून कसं चालेल?

साहेबांना हे काम एका मोठ्या कारखान्याला द्यायचं होतं. हट्ट मी धरला. का धरला ते तुला माहीत आहे. दादाचे लोखंडी पट्ट्यांचे ट्रान्सफॉर्मर कुणी विचारेना झालं, तेव्हापासून तो गॅलरीत बसून येणाऱ्याजाणाऱ्याशी भांडत होता. हे काम आलं आणि तो पुन्हा त्याच्या टेबलाशी बसला. घरात माणूस परत आला, असं तूच लिहिलं होतंस. साहेब आता एकच खेप आणखी बघतील. तीही फुकट गेली तर काम जाईल, आणि मग दादा त्या टेबलाशी पुन्हा बसायचा नाही.

तेव्हा गुपचूप बघून कळव. तार बदलली का, वेढे कमीजास्त झाले का, काय केलंय त्याने? त्याला विचारू नकोस, नाहीतर शंका घेणारा कोण, हे तो तुलाच विचारत बसेल.

लोभ आहेच, तो पुढच्या पत्रात मागेन. आत्ता उत्तर हवंय.

तुझा दीर

---

दि. १२ फेब्रुवारी

चि. भाऊजींस अनेक आशीर्वाद. डोकं थंड राहो, हा त्यातलाच एक समजा.

तुमचं पत्र वाचून मला तुमच्याच लोकांचा राग आला. अहो, बदल कसला? तुमच्या कारखान्याने पाठवलेला सदोष माल ह्यांनी घरी बसून दुरुस्त करून घेतला, त्याबद्दल आभार मानायचे सोडून चौकशा कसल्या करताय?

ते काळे तुकडे, इंग्रजी ई अक्षरासारखे, चिनी मातीच्या कपासारखे ठिसूळ, दोन-दोन तोंडाला तोंड लावून बसवायचे ना? ह्यांनी पहिल्याच दिवशी एक जोडी खिडकीशी उजेडात धरली आणि मला स्वयंपाकघरातून हाक मारली. बाहेरचे दोन पाय नीट टेकत होते, पण मधल्या पायात पोस्टकार्ड सरकेल एवढी फट. दुसरी जोडी पाहिली, तशीच. सगळी पेटी तशीच. हल्ली कुणाला कामाची चाड राहिली नाही म्हणाले, आणि हे तर लोकांच्या श्वासाचं यंत्र आहे, असंही म्हणाले. मग टेबलावर काच, काचेवर ओला पॉलिश पेपर, आणि बाहेरचे पाय घासायला सुरुवात. ते फेराइट की काय, ते लोखंडाहून कडक निघालं. ह्यांचं मनगट सुजलं. माझी मोरी काळ्या चिखलाने तुंबली, ती मीच काडीने उकरली. पण शेवटी एकूणएक जोडी अशी मिटली की उजेडाची रेघ दिसेना. तुम्हाला कळवू नको म्हणाले. धाकट्याला साहेबाशी वाद घालावा लागेल, त्यापेक्षा आपणच निस्तरू, असं त्यांचं म्हणणं.

आता एवढं करूनही जळत असेल तर दोष तुमच्याकडे शोधा. आणि वरचेवर लिहीत जा, नुसती कामं सांगायला पत्रं नकोत.

तुमची वहिनी

---

दि. १७ फेब्रुवारी

ती. स्व. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि. कपाळाला हात लावून लिहितोय, तेव्हा अक्षर असं आलंय.

वहिनी, ती फट मुद्दाम ठेवलेली होती! कारखान्यात मशीनवर मापाने पाडून घेतली होती. ड्रॉइंगवर ठळक लिहिलेलं आहे. पण दादाने जन्मात कधी दुसऱ्याचं ड्रॉइंग वाचलंय?

तुला समजेल असं सांगतो. फेराइट म्हणजे गंजासारखी लोखंडाची भुकटी, तीत आणखी एकदोन धातू मिसळून, दाबून, भट्टीत भाजलेली. आमच्या यंत्रात वीज सेकंदाला हजारो हेलकावे खाते. तेवढ्या वेगात दादाच्या लोखंडी पट्ट्या तापून हात लावू देणार नाहीत. फेराइट मात्र निवांत असतं. म्हणून तर विटेएवढा ट्रान्सफॉर्मर काडेपेटीएवढा होतो. पण फेराइटमध्ये चुंबकपणा मावतो बेताचाच. तो काठोकाठ भरला की तारेतली वीज अडवणारं कुणी उरत नाही, ती मोकाट धावते आणि ट्रान्झिस्टरचा बळी जातो. तसं होऊ नये म्हणून मधल्या पायात फट. आमच्या या यंत्रात क्षणभर साठवायची ऊर्जा मुख्यतः त्या फटीतच साठते. तीच तुझ्या नवऱ्याने मनगट सुजवून घासून टाकली.

तसा त्याचाही दोष नाही. लोखंडी पट्ट्यांत फट राहिली की ट्रान्सफॉर्मर गुरगुरतो. फट म्हणजे पाप, हेच तो आयुष्यभर शिकला आणि त्याने मलाही तेच शिकवलं. त्यामुळे आपण त्याला सांगायचंच नाही. मी नवे तुकडे पाठवतो. साहेबांनी डिझाइन बदललं, आता फट हवीय, असं मी वेगळं लिहीन. तू फक्त मान डोलाव. या वयात त्याला चूक दाखवून मिळवायचं काय? हे पत्र वाचून फाडून टाक.

लोभ ठेव, आणि त्याच्या हाती पॉलिश पेपर लागू देऊ नकोस.

तुझा दीर

---

दि. २५ फेब्रुवारी

चि. भाऊजींस आशीर्वाद. आज फार नाहीत.

पत्र मी फाडलं नाही, कारण ते आधी माझ्या हाती आलंच नाही. मी बाजारात होते. पार्सलची काही बातमी असेल म्हणून ह्यांनी पाकीट फोडलं. मी आले तेव्हा पत्र टेबलावर, त्यावर चष्मा, आणि हे गॅलरीत.

भांडले असते तर बरं वाटलं असतं. गुंडाळायच्या हातमशीनवर चादर टाकली, तारेची रिळं कपाटात ठेवली आणि कपाट लावून घेतलं. जेवताना मीठ मागायचं तेही हाताने. शेजारचे मास्तर शब्दकोड्यासाठी आले, त्यांच्याशीसुद्धा वाद घातला नाही. मास्तर घाबरून मला विचारून गेले, की तब्येत बरी आहे ना.

काल बोलले. चुकलो ते चुकलो म्हणाले, चुका काय, उभ्या जन्मात कमी नाही केल्या. पण धाकटा मला सांभाळून घ्यायला लागला, आता माझं काम संपलं. असं म्हणाले आणि पाणी प्यायला उठले.

मला दोघांचाही वीट आला आहे. एक रागावला की गॅलरी गाठतो. दुसरा शिकूनसवरून मोठा झाला, तो मोठ्या भावाशी खरं बोलायला भितो आणि वहिनीला मान डोलवायला लावतो. भाऊजी, तुम्ही लहानपणी सोल्डरिंगने बोट भाजून घेतलंत, तेव्हा ह्यांनी आधी तुम्हाला मूर्ख म्हटलं आणि मग मलम लावलं. तुम्ही नुसतं मलम लावायला निघालात. झोंबलं ते त्यामुळे.

आता माझ्यामार्फत निरोप नकोत. जे काय म्हणायचं ते त्यांना लिहा, पाकिटावर त्यांचं नाव घाला, आणि मला रागावता तसं सरळ रागावा. आजचा लोभ त्यावर अवलंबून आहे.

तुमची वहिनी

---

दि. ३ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि. हा नमस्कार धाकट्या भावाचा आहे. पुढचं पत्र काम देणाऱ्याचं आहे.

तू चुकलास. ड्रॉइंग न वाचता मालाला हात लावलास, आणि त्याहून वाईट म्हणजे विचारलं नाहीस. एक पोस्टकार्ड टाकलं असतंस, की बाबा, यात फट का आहे, तर पेटीभर फेराइट वाचलं असतं आणि वहिनीची मोरीही. विचारण्याने तुझ्या डोक्यावरचा कोणता मुकुट पडणार होता? मी रोज दहा जणांना विचारतो, माझं काही बिघडलेलं नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथे तर आमची तीन यंत्रं जळली.

मी खोटं सांगायला निघालो होतो, ते मात्र माझं चुकलं. मला तुझी भीती वाटते. अजून वाटते. हे लिहितानाही वाटते आहे.

तू चादर टाकलीस म्हणून साहेबांनी दुसऱ्या एका ठिकाणाहून नमुने गुंडाळून आणले. फट बरोबर आहे, पण तार ढिली, थरांमधला कागद वेडावाकडा, आणि चालू केलं की शिटी वाजते. आजारी माणसाच्या उशाशी ती शिटी वाजवायची का, ते तू ठरव. मला तुझे हात हवेत. तू भाऊ आहेस म्हणून नव्हे, इतकं चांगलं गुंडाळणारा दुसरा माझ्या पाहण्यात नाही म्हणून.

सोबत नवी पेटी, आणि तपासून बघायला यंत्राचा एक बोर्ड. फट आहे. तिला हात लावू नकोस.

राग असू दे, पण कपाट उघड. तुझा लोभ मला अजून लागतो.

तुझा धाकटा

---

दि. १४ मार्च

चि. धाकट्यास आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा उद्धट वाटलं. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हाही उद्धटच वाटलं, पण खोटं वाटलं नाही.

पेटी कुणी भरली? फेराइट काय असतं हे वहिनीला पानभर समजावता, आणि कांदेबटाटे भरावेत तसे ते ठिसूळ तुकडे भरून पाठवता. दोन जोड्यांचे कोपरे उडाले आहेत. पुढच्या वेळी प्रत्येक जोडी वेगळ्या कागदात गुंडाळलेली हवी.

दोन नग गुंडाळले. एक तुझ्या फटीचा आणि एक मी घासून मिटवलेल्यांपैकी, इथे कपाटात उरला होता तो. दोन्ही मीटरला लावून पाहिले, आणि तू पाठवलेल्या बोर्डावर जपून थोडा थोडा भार देत चालवले. मिटवलेला पाहता पाहता दम तोडतो. फटीचा निमूट काम करतो. मी जे चोख समजत होतो ते चूक होतं. हे लिहायला मला दोन दिवस लागले, त्याबद्दल तुझ्या वहिनीने पुरेसं सुनावलं आहे, तू आणखी सुनावू नकोस.

आता एक गोष्ट. फटीचा नग तासभर चालवून बंद केला आणि बोट लावून पाहिलं. तार सगळीकडे सारखी तापायला हवी. पण फटीच्या समोर येणारे वेढे बाकीच्यांपेक्षा जास्त तापतात. वेढे मोजले, तार तीच, वीज तीच. ड्रॉइंग दोनदा वाचलं, हो, वाचलं, त्यात याबद्दल काही नाही. रात्रंदिवस चालणाऱ्या यंत्रात हे मला आवडलेलं नाही.

असं का होतं, ते मला कळत नाही. तुला माहीत असेल तर लिही. माहीत नसेल तर तुझ्या त्या दहा जणांना विचारून लिही. पण मलम लावल्यासारखं वरवरचं नको. फट कशाला, तिच्यातून काय बाहेर येतं, सगळं सुरुवातीपासून शिकव. तोवर मी पुढचा नग गुंडाळणार नाही, आणि रिळं टेबलावर काढून ठेवली आहेत, तेव्हा उशीर लावू नकोस.

तुझा दादा