पुदिन्याचा वास

बाळ्या,

तुझ्या बाबांना घेऊन दवाखान्यात आले आहे. घाबरू नकोस. जेवण झाकून ठेवलंय, आधी दोन घास खा आणि मग इकडे ये.

येताना तू त्यांना आणून देतोस त्या पोटाच्या औषधाच्या बाटल्या घेऊन ये. एक खाटेखाली आहे, एक दुकानात आरशामागे. डॉक्टरीणबाईंना त्या बघायच्या आहेत. त्यात बिस्मथ नावाचा धातू असतो म्हणे. वर्षानुवर्षं बाटल्याच्या बाटल्या रिचवल्या की तो मेंदूला बाधतो. हात थरथरतात, तोल जातो, माणसं ओळखू येत नाहीत. ह्यांची काळी पडलेली जीभ बघून बाईंना शंका आली.

तेव्हा हे चोरून पितात आणि वास लपवायला पुदिना चघळतात, हे डोक्यातून काढून टाक. विश्वास नसेल तर बाटलीचं बूच काढून हुंगून बघ.

दाढी करताना ह्यांच्या हातून गिऱ्हाइकाचा कान कापला, तेव्हा तू वस्तरे कुलपात घातलेस ते बरंच केलंस. पण विकू नकोस. औषध थांबवलं की हात हळूहळू सावरतात, असं बाई म्हणाल्या.

आणि हो, इतकं औषध आणायचं कोण, असंही त्यांनी विचारलं. तुझं नाव माझ्या ओठांवर आलं होतं, तेवढ्यात हेच म्हणाले, "मीच आणायचो."

सकाळपासून मला ‘ताई, ताई’ करतायत. तुला मात्र बरोबर पाठीशी घातलं.

— आई