अण्णांची गुबगुबीत अक्षरं

मस्तगड, जालना
१२ फेब्रुवारी २००४

प्रिय कौसे,

फोन न करता पत्र लिहितेय म्हणून घाबरू नकोस. सगळे ठीक आहेत, म्हणजे आहेत तसे आहेत. फोन केला की तुझे अण्णा शेजारी येऊन उभे राहतात आणि तुझ्याशी आपला काही संबंध नाही असं दाखवत कान इकडे लावतात. दोन वर्षं तुझ्याशी बोलले नाहीत, पण तुझं एक वाक्य चुकवलं नाही.

बातमी अशी, की आपल्या कोपऱ्यावरच्या मोबाइलच्या दुकानाला फ्लेक्सचा बोर्ड लागला. अण्णा दूध आणायला गेले आणि रिकाम्या किटलीनिशी परत आले. चेहरा लालबुंद. म्हणाले, "आगं, माझी अक्षरं चोरली कुणीतरी! तीच गोल, तीच गुबगुबीत. सोडणार न्हाई मी." मी त्यांच्या हातातली किटली घेतली. पुण्यातला कोर्स झाल्यावर तू ती अक्षरं कंप्युटरात घालतेस हे तूच त्यांना सांगितलं होतंस, तेव्हा "अक्षरं म्हंजे काय लोणचं हाय का, बरणीत भरायला?" म्हणून त्यांनी फोन आपटला होता. पण बरणीतून निघून ती आपल्याच गल्लीत लागतील, हे काही त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं.

त्यांचा संताप मला कळतो गं. तू पाळण्यात होतीस तेव्हाची ती अक्षरं. अप्पाराव गोळीवाल्यांना बोर्ड हवा होता, पोरांनी लांबून पळत यावं असा. अण्णांनी माझ्या बांगड्या, तुझ्या पायातले वाळे, स्वयंपाकघरातल्या वाट्या, डब्यांची झाकणं, जे जे गोल दिसलं ते पत्र्यावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवली. एका अक्षराला टोक म्हणून ठेवलं नाही. "अक्षर कसं खाऊनपिऊन सुखी दिसलं पाह्यजे," म्हणायचे. आठवडाभर आम्ही वरण ताटातच वाढून घेतलं.

मग बालवाडी, बर्फाच्या गोळ्याची गाडी, झबल्या-टोपड्यांचं दुकान, सगळ्यांना तीच अक्षरं. गिऱ्हाईक काहीही मागो, अण्णा तेच देत. कुंभार पिंपळगावच्या रखमाजीमामांच्या दहाव्याला "भावपूर्ण श्रद्धांजली" लिहिली तीही तशीच, आणि वर गुलाबी रंगात, कारण काळा संपला होता. त्याच दिवशी पलीकडच्या गल्लीत बारसं होतं. बारशाच्या चार बायका लांबूनच बोर्ड बघून थेट दहाव्याच्या मांडवात शिरल्या आणि गोजरमामींच्या हातात झबलं-टोपडं ठेवून "बाळ कुठंय?" विचारू लागल्या. मामी बिचाऱ्या झबल्याकडे बघत राहिल्या आणि रडता रडता अशा हसल्या, की भटजींनाही आवरेना. त्यानंतर वर्षभर अण्णा त्या गावात गेले नाहीत.

तर हे तरातरा कडूबाच्या कंप्युटरच्या दुकानात गेले, कारण मोबाइलवाल्याचा बोर्ड त्यानंच केला होता. हाणामारी नको म्हणून मीही मागून गेले. कडूबा म्हणाला, "काका, मी कशाला चोरू? पुण्याहून सीडी आल्ती. ह्ये बघा त्या अक्षरांचं नाव." पडद्यावर अक्षरांच्या नावांची यादी होती आणि तिच्यात तू ठेवलेलं ह्यांचंच नाव लिहिलं होतं, मच्छिंद्र. अण्णांनी चष्मा काढून पुसला. मग त्याला म्हणाले, "आता हेच नाव ह्या अक्षरांत लिही. बराबर. जरा मोठं कर." त्यानं केलं. "अजून." अजून केलं. शेवटी पडद्यावर नुसता म उरला, तरी ह्यांचं "अजून" चालूच. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "मचं पोट पार बारीक करून ठेवलंय पोरीनं. पुण्यात जेवत न्हाई का काय ती?" दोन वर्षांत तुझी चौकशी केली ती अशी.

तेव्हापासून आमच्या घरात पुन्हा वाट्या नाहीत. सगळी अक्षरं कार्डशीटवर नव्यानं काढणं चाललंय. पुढच्या गुरुवारी सकाळच्या गाडीनं गुंडाळी घेऊन तुझ्याकडे निघतायत. तुला सांगतील, दात दाखवायला आलोय. जालन्यात काय दातांचे डॉक्टर नाहीत? पण तू ऐकून घे, आणि मी कळवलंय हे कळू देऊ नकोस.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. मागच्या वर्षीच्या संक्रांतीपासून अण्णांचा उजवा हात थरथरतो. औषध चालू आहे, पण ब्रश धरवत नाही. वर्षभरात जेवढे बोर्ड झाले, शहागडच्या ढाब्याचासुद्धा, ते घरी पत्रा भिंतीला टेकवून मी रंगवलेत. अण्णा मागे पाटावर बसून चुका काढतात. बोर्ड न्यायला आला तेव्हा ढाबेवाला म्हणाला, "मच्छिंद्रभाऊ, हातात अजून तीच सफाई हाय." मला आनंद झाला आणि आत जाऊन रडलेही. तुला सांगायचं नाही अशी शपथ घातली होती, ती आज मोडली. ह्या खेपेलाही मी म्हटलं, द्या, मी काढते. तर माझा हात बाजूला केला आणि म्हणाले, "ह्ये मलाच काढू दे. पोरीपाशी न्यायचंय." तेव्हा रेघा वाकड्या असतील, गोल पुरते मिटलेले नसतील. त्यांच्यासमोर एकही दुरुस्त करू नकोस, आहेत तशी सगळी कंप्युटरात घे. पडद्यावर अक्षरं मोठी झाली की थरथर लपणार नाही. अण्णा म्हणतील, तुझा कंप्युटर हलतोय. तू हो म्हण.

तुझीच,
आई