नळीत उरलेलं औषध

सोमवार, १९ मार्च २००१

प्रिय संजीवनी,

हे पत्र पुरतं वाचल्याशिवाय फाडू नकोस, एवढंच आधी सांगते. शुक्रवारी तुझा साखरपुडा, हे मला तुमच्या गावच्या चंद्रकलाकडून कळलं. वर्षभर प्रयोगशाळेत एका टेबलावर डबा खाल्ला आणि ही बातमी मला दुसरीच्या तोंडून. रागावणार होते गो. पण मला तो हक्क नाही, ते पुढे येईलच.

तुझे बाबा शब्दाचे पक्के. प्रयोग जमला तर पदवी पुरी कर, फसला तर आम्ही आणू त्या मुलाला हो म्हणायचं. तू हसत कबूल केलंस, कारण तुला खात्री होती. म्हशीच्या कच्च्या अंडपेशी काचेच्या बशीत पिकवताना ऑक्सिजनने खराब होतात, अँटिऑक्सिडंट घातलं की तगतात, हे तू इतक्यांदा सांगितलंस की आमच्या आईलाही पाठ झालं. ती म्हणते, म्हंजे लोणच्यावर तेल ठेवतात तसंच नाय का.

आठवतं, पहिल्या दिवशी कत्तलखान्यातून आलेला थर्मास उघडला आणि मी मोरीकडे पळाले? माझ्या वाटची अंडाशयंही तूच धुतलीस, कोणाला बोलली नाहीस. मग तुला कावीळ झाली आणि शेवटची फेरी माझ्यावर आली. सरांचा सगळा भरवसा त्या फेरीवर. औषधाच्या बशा, बिनऔषधाच्या बशा, सगळं तुझ्या वहीबरहुकूम केलं. दोन्हीकडे शंभरातल्या सत्तर पिकल्या. फरकच नाही म्हटल्यावर सरांनी औषध निरुपयोगी ठरवलं आणि तू वही ठेवून घरी मुरबाडला निघून गेलीस.

पण संजे, तुझ्या आधीच्या फेऱ्यांत औषधाच्या बशीत सत्तर आणि बिनऔषधाच्या बशीत पन्नासच पिकायच्या. मग माझ्या हातून सत्तर कशा? तू गेलीस त्याच संध्याकाळी मला उमगलं. औषध मिसळलेलं द्रावण नळीत बरंच उरलं होतं. आमच्या घरी उरलेलं दूध परत पातेल्यात जातं, टाकलं तर आई दिवसभर बोलते. हाताला तीच सवय. मी ते साध्या द्रावणाच्या, तळाला आलेल्या बाटलीत ओतलं आणि बिनऔषधाच्या बशा त्याच बाटलीतून भरल्या. म्हणजे औषध सगळ्यांनाच मिळालं. तुझं काहीच चुकलं नव्हतं.

बारा दिवस गप्प बसले. माझी जागा तात्पुरती. आमच्या वस्तीतून पगारावर जाणारी मी पहिली मुलगी, आमचे बाबा सापगावभर सांगत फिरतात. लग्न झालं की तू सुखीच होशील, अशी मी माझीच समजूत घालत होते. लाज वाटते लिहिताना.

आज सकाळी सरांना सगळं लिहून दिलं. ते खूप वेळ तुझी वही चाळत राहिले. ती फेरी रद्द केली, तुला पुन्हा करायची मुभा दिली. मला उद्यापासून यायचं नाही. सरांच्या सहीचा कागद सोबत आहे, बाबांना दाखव. पोस्टाने हे शुक्रवारच्या आत पोचेल याचा भरवसा नव्हता, म्हणून मीच घेऊन आलेय. मुरबाड स्टँडवर बसून लिहितेय. तुमच्या दारात हे हातात देईन आणि उभी राहीन. बाबांनी विचारलं तर त्यांच्यासमोरही हेच बोलेन. दारातून हाकललंस तर जाईन. पण बुधवारी सकाळी अंडाशयं येणार आहेत आणि थर्मास उघडायला आता तिथे तुझ्याशिवाय कोणी नाही.

ठेवून घेतलंस तर अजूनही तुझीच,
संघरत्ना