पाणपोईचं शेवटचं पान

अमरावती, ता. ९ डिसेंबर १९३४, रविवार
वाचनालयात सभा. ‘अवश्य वाचाव्या’ अशा पाच शास्त्रीय कादंबऱ्यांची यादी भिंतीवर लागणार, बाकीच्या रद्दीत. म्हणजे त्यांच्या पानांत फल्लीदाण्याच्या, शेंगदाण्यांच्या पुड्या. चार ठरल्या. पहिली अर्थात चिटणीस नानासाहेब वकिलांची लाडकी ‘धातूचा वैद्य’. मी म्हटलं, पोलादी हातानं नाडी पाहिली तर रोगी गारठ्यानंच मरायचा. सगळे हसले, ना. सा. सोडून.
पाचवीसाठी मी ‘मंगळावरची पाणपोई’ सुचवली. ना. सा. म्हणाले, “त्यात ना यंत्र, ना सिद्धांत. शास्त्र आहे कुठे?”
“तहान हे शास्त्र नाही का?”
टाळ्या. पण नेम आहेच: जो पुस्तक सुचवेल त्यानं त्याचं शेवटचं पान सभेत वाचायचं, म्हणजे पूर्ण वाचल्याची खात्री. सभा २३ ला.
वाचनालयाच्या प्रतीत शेवटचं पान नाही. प्रत माझ्या हाती आली तेव्हापासूनच नाही. हे मला ठाऊक, आणि आता या वहीला.

ता. १२, चांदूर बाजार
परतवाड्याला एका रेंजरकडे दुसरी प्रत आहे असं कळलं, म्हणून निघालो. वाटेत किसनभाऊ माळ्याच्या मळ्यात उतरलो, फक्त चहापुरता. संध्याकाळ झाली. संत्री तोडत बसलो होतो. तोडताना देठ कसा ठेवायचा याची एक युक्ती आहे, ती सविस्तर लिहायला हवी, पण ते पुन्हा कधी.
किसनभाऊ म्हणे, “मंगळाची सांगा.”
सांगितली. हजार वर्षं कोरड्या रस्त्यावर एक म्हातारी पाणपोई चालवते, कुणी फिरकत नाही. आपल्या पृथ्वीचा माणूस पोचतो. ती पाण्यानं भरलेलं ओगराळं पुढे करते, विचारते, कुठून आलास? इथे पुस्तक फाटतं. पुढचं माझं: तो तिथेच पाणपोईवर बसतो, आणि म्हातारी त्याच्या विमानातून पृथ्वी पाहायला निघते. गेली दोन वर्षं गावोगाव हाच शेवट सांगतो आहे, पुस्तकातला म्हणून.
किसनभाऊंच्या घरच्या सगुणावहिनी भाकरी थापता थापता म्हणाल्या, “बाप्पा! म्हातारी हजार वर्सं उभी, अन् तिले कोनी पानी देल्लं का नाई?”
“देल्लं ना. त्यानं ओगराळं घेतलं, पहिले तिले पाजलं.”
हे त्याच क्षणी सुचलं. पुस्तकापेक्षा सरस आहे, पैजेवर सांगतो. फक्त पुस्तकात काय आहे ते माहीत नाही.

ता. १५, परतवाडा
रेंजर बदलून मेळघाटात आत गेले, प्रत बरोबर. मीही जाणार होतो, मोटार नाही मिळाली, बैलबाजार मिळाला. एक खिल्लारी असा होता की अर्धा दिवस गेला.

ता. १८, अकोला
जठारपेठेत बाइंडर रहीमचाचा. वाचनालयाची पुस्तकं पूर्वी यांच्याकडेच यायची. पाणपोई दाखवली.
“शेवटचं पान? सुटं आलं असन, तर गेलं पुठ्ठ्यात.”
“पुठ्ठ्यात?”
“मंग पुठ्ठा काय आभायातून पडते, बेटा? रद्दी पानं, खळ, अन् दाब. बस.”
कोणत्या पुस्तकाच्या? चाचांनी डोळे मिटले. तेव्हा अमरावतीहून एकच दुसरं काम होतं. लाल कापड, सोनेरी अक्षरं, वकीलसाहेबांची घरची प्रत.
‘धातूचा वैद्य’! चाचांसमोर हसलो. गाडीत हसू आलं नाही.

ता. २१, अमरावती
दोन मार्ग. गप्प राहून सभेत माझाच शेवट ‘वाचायचा’, कोण तपासतो? किंवा खरं सांगायचं. पहिला मला जमतो, त्यात हात बसला आहे. पण आज ना. सां. च्या दारातच सगळं बोलून गेलो. दोन वर्षं खोटा शेवट सांगत आलो, तेही.
त्यांनी कपाटातून ‘वैद्य’ काढला, त्याच्या पाठीवरून बोट फिरवलं. कॉलेजातलं बक्षीस आहे ते.
“अरे गृहस्था, पुरतं न वाचलेल्या पुस्तकासाठी इतका भांडलास?”
“हो. पुरतं वाचलं असतं तर अजून भांडलो असतो.”
आत गेले. मला वाटलं, काठी आणतात. गरम पाण्याची परात आणली.

ता. २२
पुठ्ठा रात्रभर भिजला. ना. सा. स्वतः सुरीच्या टोकानं एकेक पान सोडवत होते, सोवळ्यात असल्यासारखे. आधी कुणाची लग्नपत्रिका, मग बियाण्यांची यादी, जुनं पंचांग. सहावं पान आमचं. पाठ कोरी, पण पानाचा आकडा पाठीमागून दिसतो, तो जुळतो. मजकुराची बाजू खाली होती, मी पान तसंच उचलून पाटावर वाळत घातलं.
“वाच की.”
“उद्या. सभेतच, पहिल्यांदा.”
“आणि शेवट भिकार निघाला तर? मी विरुद्ध हात वर करीन, सांगून ठेवतो.”
“करा. मीही करीन.”
त्यांचा वैद्य उघडा, एका पुठ्ठ्याचा, टेबलावर पडला होता.

ता. २३, रविवार, सकाळ
किसनभाऊ अन् वहिनी भाजीच्या गाडीवरून आलेत, सभेला बसणार. त्यांनाही खरं सांगितलं. किसनभाऊ हसले. वहिनी नाही हसल्या.
“म्हंजे म्हातारीले पानी तुमीच पाजलं?”
“हो.”
“मंग पुस्तकवाल्यानं पाजलं का नाई, ते पायतो आज.”
पान वाळलं. जरा आक्रसलंय, अक्षरं शाबूत दिसतात पाठीमागून, उलटी. उलटं वाचत नाही. चारला सभा. जे असेल तेच वाचीन, माझा आवाज मोठा आहे.