काचेखालचं टिंब

नांदुरा, १२ जानेवारी

आदरणीय सहदेवमामा यांस,

देवानंदचा सप्रेम जयभीम. मामींनाही सांगा. पुण्यात थंडी कितपत आहे, तुमचा खोकला बसला का, आणि मामींचा गुडघा आता जिना चढू देतो का, ते सविस्तर कळवा. (फोनवरच विचारलं असतं, पण फोनवर तुम्ही नुसतं "हाव, हाव" म्हणता आणि मागाहून मामी सांगतात की तुम्हाला काहीच ऐकू आलं नव्हतं.) इकडे आम्ही खुशाल आहोत. घड्याळांचं दुकानही ठीक. फक्त तुम्ही ज्या टेबलावर तीस वर्षं बसलात, त्याच टेबलावर मी गेल्या आठवड्यात जो पराक्रम केला तो तुम्हाला दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी मीच कळवतो.

उंद्रीच्या अंगणवाडीतल्या मनकर्णाबाई तुम्हाला आठवत असतील. चाळीस वर्षं नोकरी करून त्या आता निवृत्त झाल्या. रोज सकाळी नखं तपासल्याशिवाय बाईंनी कोणत्याही पोराच्या हातावर सुकडी ठेवली नाही. त्यांच्या हाताखालून गेलेला माणूस, मग तो आज तलाठी का असेना, बाई समोर दिसल्या की अजूनही मुठी आवळतो. मीही आवळतो. तर गावानं त्यांना मनगटी घड्याळ द्यायचं ठरवलं आणि सांगितलं, देवानंद आपला माणूस आहे, त्यालाच बनवू द्या. मी छाती फुगवून हो म्हणालो. केस, मशीन, काटे, काच असं सगळं सुटं मागवलं आणि निळी तबकडी अकोल्याहून पांढऱ्या अक्षरांत छापून आणली: वर "मनकर्णाबाई यांस", खाली "समस्त गाव, उंद्री". आता राहिली होती फक्त काच बसवायची.

ही "फक्त" मला सहा दिवस पुरली. काच एकदा दाबून बसवली की तिच्या आतल्या बाजूला बोट पोचत नाही, हे तुम्हाला काय सांगायचं! पहिल्या दिवशी काच बसवली आणि पाहतो तर आतून माझ्या अंगठ्याचा ठसा, अगदी खरेदीखतावर उठवावा तसा स्पष्ट. काच काढली, रुमालानं पुसली. ठसा गेला आणि त्याच्या जागी रुमालाचे पाच धागे आले. धागे घालवायला आणखी जोरात पुसली, तर सात झाले. (काच जितकी घासावी तितकी ती धूळ ओढते हे तुम्ही मला शिकवलं होतं, पण ते मला काच घासून झाल्यावर आठवलं.) तिसऱ्या दिवशी हवा मारायचा नवा कोरा रबरी फुगा आणला. तुम्हीच म्हणायचात, तोंडानं फुंकू नको, थुंकी उडते. म्हणून फुगा तबकडीवर धरून दाबला, तर आत कारखान्यानंच भरलेली पावडर निघाली. निळ्या तबकडीवर बर्फ पडला, मामा. बाईंचं नावसुद्धा दिसेना.

मग माझ्या लक्षात आलं की दोष माझा नसून नांदुऱ्याचा आहे. सरकी काढायच्या जिनिंग गिरण्या जोरात चालू आहेत, हवेत कापूस तरंगतोय, अशात स्वच्छ काम होणार कसं? ओल्या जागी धूळ बसून जाते असं मी कुठंतरी वाचलं होतं. म्हणून चौथ्या दिवशी सकाळी गरम पाण्याची बादली ओतून न्हाणीघर वाफेनं भरलं आणि आत स्टूल टाकून बसलो. तुमच्या भाचेसुनेनं, समतानं, दोनदा दार वाजवलं. मी सांगितलं, काम चालू आहे. ती म्हणाली, "ते समजलं, पण किती वेळ?" काम मात्र झकास झालं, एक कण नाही! बाहेर थंडीत आलो आणि काच आतून अशी घामेजली की बारा वाजले की सहा, कळेना. शेवटी शनिवारी दुकानात टेबलावर मच्छरदाणी टांगली आणि तिच्यात शिरून काच बसवली. (सेल टाकायला आलेल्या एका बाईनं बाहेरून विचारलं, "भाऊ, डेंगी झाला काय?") भिंगातून पाहिलं. लख्ख. मी मच्छरदाणीतच टाळी वाजवली.

रविवारी उंद्रीच्या बसमध्ये पुन्हा एकदा कौतुकानं डबी उघडली, तर "गाव" या शब्दातल्या "गा"च्या डोक्यावर एक पांढरं टिंब. बरोब्बर मधोमध, जणू अकोल्यानंच छापलेलं.

मामा, कार्यक्रमाला सगळा गाव होता. शाल झाली, भाषणं झाली, घड्याळ बाईंच्या मनगटावर चढलं. त्यांनी चष्मा लावला. माझ्या मुठी आपोआप आवळल्या. बाईंनी माइकवर मोठ्यानं वाचलं, "समस्त गांव!" आणि म्हणाल्या, "पाहा बरं. आमच्या मास्तरायनं शिकवलं होतं का गांवावर टिंब असते. आताच्या लोकायनं ते खाऊन टाकलं. ह्या देवानंदनं नाही खाल्लं!" टाळ्या पडल्या. मी उठून नमस्कार केला, लाजलोसुद्धा. तेवढ्यात बाईंनी टाळ्या वाजवणाऱ्यांना हात उंचावून दाखवला आणि टिंब निघालं. आधी "उंद्री"वर गेलं, तिथं आधीच एक होतं म्हणून थांबलं नाही, आणि थेट सहाच्या आकड्याखाली जाऊन बसलं.

बाईंनी चष्मा वर-खाली केला. माइक चालूच होता. "काऊन रे देवानंद, हे टिंब चालून राह्यलं?"

मी जागेवरूनच म्हणालो, "बाई, कापूस हाय."

"इकडे ये. नखं दाखव."

चव्वेचाळीस वर्षांचा माणूस, मामा, सरपंचासमोर, दोन्ही हात पालथे करून उभा राहिलो. बाईंनी दहाही बोटं पाहिली. सहा दिवस काच पुसून नखं आरशासारखी झाली होती. "नखं साफ हायेत," त्या हळूच म्हणाल्या, "म्हणजे मन लावून केलं तू. आता पुन्हा कर." आणि घड्याळ काढून माझ्या हातात ठेवलं. हसणारे हसले, त्याचं मला काही वाटलं नाही. पण बाई शाल पांघरून रिकाम्या मनगटानं घरी गेल्या, ते मात्र मनातून जात नाही.

असो. वडीलधाऱ्यांपाशी मन मोकळं केलं, बरं वाटलं. तुम्ही काही काळजी करू नका आणि तब्येतीला जपा. मुलाबाळांना आशीर्वाद.

तुमचा,
देवानंद

ता. क. सोबत तिळाच्या लाडवांचा डबा पाठवत आहे. लाडू खाताना जपून खा, कारण तळाशी कागदात गुंडाळून ते घड्याळ ठेवलं आहे. तेवढी काच उघडून साफ करून लवकर पाठवा. पुण्यात जिनिंग नाहीत. मी बाईंना सांगितलं आहे की या कामाचं यंत्र फक्त पुण्यात आहे.

ता. क. दुसरा. मामाजी, जयभीम, मी समता. डबा बांधाले माह्याजवळ देला म्हणून दोन ओळी लिहून राह्यली. घड्याळ डब्यात पाहू नका, मी काढून घेतलं. काल हे जेवाले आले तवा मी दुकानात बसून काच उघडली, चिकटपट्टीच्या टोकानं टिंब उचललं अन् काच बसवून देली. चहा उकळते तेवढा वेळ लागला. घड्याळ कपाटात हाय. आठ दिवसांनी तुम्ही ह्यायले फोन करून सांगा का साफ करून पाठवलं, तवर मी पुडकं बांधून ठेवतो. अन् एक, ते टिंब कापसाचं नव्हतं. ह्यायच्या मिशीचा पांढरा केस होता, सकाळी मिशी कातरून तसेच टेबलावर वाकतात. मिशी काळी हाय असा त्यायचा समज हाय. म्हणून कापूसच म्हणा.