दुखापतीचा अहवाल

अष्टमी, रोहा
१२ डिसेंबर २०२४

आदरणीय एलियास सर,

नूतनचा नमस्कार. तुम्ही आणि एस्थरताई बरे असाल, लेकीच्या, डेबोराच्या घरी एव्हाना रुळला असाल. इथलं तुमचं घर ठीक आहे. मागच्या दाराची कडी गंजली होती, ती बदलून घेतली.

फोनवरच लिहिणार होते. पण तुमचे मेसेज डेबोरा वाचून दाखवते. हे तिच्या तोंडून तुम्हाला ऐकावं लागू नये, म्हणून कागद घेतला.

तुम्ही निवृत्त झालात, पण तुमची जागा काही भरली नाही. मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, खेळाचा तास तुम्हीच घ्या आता." मला खो-खोच्या मैदानावर फक्कीची सरळ रेघ मारता येत नव्हती. मुलींनीच शिकवलं.

आणि सर, मला ते आवडू लागलं. वीस वर्षं मराठी शिकवते आहे. वर्गात कविता वाचताना मुलं गाइडमधलं उत्तर शोधत असतात. मैदानावर मात्र मी बोलले की बाराजणी श्वास रोखून ऐकायच्या. आपल्या शब्दांनी कोणी पळतंय, हे मी पहिल्यांदा पाहिलं. आपण शिक्षक कशासाठी झालो, याचं उत्तर मिळालं असं वाटलं. तिथेच चुकले.

ऋतुजा तुम्हाला आठवतेच. पाचवीत तुम्हीच तिला निवडलं होतं. आता नववीत आहे. ऑक्टोबरमध्ये आम्ही पेणला जिल्हा स्पर्धेला गेलो, उपांत्य फेरीपर्यंत पोचलो. ती खांबावर सूर मारायची तेव्हा दुसऱ्या शाळांची मुलंही टाळ्या वाजवायची.

उपांत्य सामन्यात तिचा गुडघा गेला. लिगामेंट पूर्ण तुटलंय. ऑपरेशन झालं, चालते आहे. डॉक्टर म्हणाले, खो-खो विसरा.

एवढंच सगळ्यांना माहीत आहे. पत्र इथे संपवावं असं दोनदा वाटलं.

सामन्याआधी ती माझ्याकडे आली होती. पाण्याच्या टाकीपाशी, आम्ही दोघीच. म्हणाली, "बाई, गुडघा निसटल्यागत वाटतोय. आज बाहेर बसू काय?"

मी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि बोलले. काय काय बोलले ते सांगायची लाज वाटते. जिद्द, माती, आईचे कष्ट. निबंधात शोभेल असं सगळं. तिचे डोळे भरून आले. "खेळते, बाई," म्हणाली. तिच्या गुडघ्याकडे मी एकदाही पाहिलं नाही.

नंतर शाळेने अहवाल मागितला. मी लिहिलं, "सदर विद्यार्थिनीने दुखापतीची पूर्वकल्पना दिली नव्हती." एक काना-मात्रा चुकली नाही. साहित्य खरं बोलायला शिकवतं, असं वर्गात सांगणारी मी.

तो अहवाल तिच्या वडिलांना वाचून दाखवला गेला. पुंडलिकभाऊ कंपनीत शिफ्टला असतात, शांत माणूस. त्यांनी तिला विचारलं, "दुखत व्हतं तर बोलली का नायस?" तिने माझं नाव घेतलं नाही. दिवाळीनंतर तिला शाळेत पाठवणंच त्यांनी बंद केलं. खोटं वागणाऱ्या पोरीला शिकवून काय करायचं, म्हणाले.

तिचं बाक रिकामं. मी रोज हजेरी घेत होते. तिचं नाव आलं की दुसऱ्या मुली माझ्याकडे बघायच्या. त्यांना माहीत होतं का?

सोमवारी मुख्याध्यापकांना खरं सांगितलं. ते म्हणाले, "झालं ते झालं, बाई. आता कागद बदलायचा नाय. शाळेचं नाव जाईल." मी तरीही दुसरा अहवाल लिहून टेबलावर ठेवला. काल त्याची एक प्रत घेऊन तिच्या घरी गेले.

पुंडलिकभाऊ शिफ्टवरून नुकतेच आले होते. तिची आई हौसा पाणी घेऊन आली. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. मग भाऊ म्हणाले, "मी तिला मारलं, बाई. दुखणं लपवलं म्हणून. आजवर कधी हात लावला नव्हता." आणि माझ्याकडे बघत राहिले. "आता त्याचं काय करू, सांगा."

मी अहवालाची प्रत त्यांच्यापुढे ठेवली.

ऋतुजा दारात उभी होती, भिंतीला धरून. मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "तुमी बोललाव ते मला खरं वाटलं व्हतं, बाई." रागाने नाही म्हणाली. रागावली असती तर बरं झालं असतं.

निघताना भाऊ म्हणाले, "सोमवारपासून येईल ती शाळेत. पण तुमच्या वर्गात नाय." मी मान हलवली. तिची तुकडी बदलून घेतली आहे. खेळाचा तास सोडला. माझ्यावर चौकशी बसेल, बसू दे.

तुम्ही मला क्षमा करावी म्हणून हे लिहिलेलं नाही. मला उत्तरही पाठवू नका. तिला पाठवा. खेळता येत नसेल तरी ती कोण आहे, हे तिला तुम्ही सांगा. तुमचं अक्षर ती ओळखते. माझे शब्द तिने एकदा मानले, तेवढे पुरे झाले.

तिच्या घरचा पत्ता पाठीमागे लिहिला आहे.

नूतन