मधल्या खोलीतला नेचा

३ मार्च

ती. आत्यास,
चिमणीचा सा. न. वि. वि.

बाबांनी अखेर जुन्या घराची किल्ली दिली. अकरा वर्षं बंद पडलेल्या त्या चार खोल्यांत मी मांडणशिल्प करतेय. खरं तर निम्मं काम झाडांनीच करून ठेवलंय. स्वयंपाकघराचं छप्पर बसलंय, मोरीतून वेल वर चढलाय. दुपारी भिंती हिरव्या होतात आणि पाण्याच्या तळाशी बसल्यासारखं वाटतं. मी काहीच उपटत नाही. प्रत्येक झाडापाशी घरातल्या कुणाची तरी आठवण कागदावर ठेवणार. लोक वाचत फिरतील.

मधल्या खोलीचं मात्र कळत नाही. छप्पर शाबूत, खिडकी बंद, तरी कुंडीतला नेचा टवटवीत आणि माती ओली. बाबांना विचारलं तर त्यांनी पेपर तोंडासमोर धरला. तोही उलटा. कुणाची गं ती खोली?

लवकर लिही, नाहीतर येऊन डोकं खाईन.
तुझी चिमणी

११ मार्च

चि. चिमणीस अनेक आशीर्वाद.

डोकं उरलंय कुठं खायला? खोली माझी, नेचाही माझा. परिचारिकेच्या नोकरीसाठी मी परगावी निघाले, तेव्हा आमच्या वडिलांनी बजावलं की गेलीस तर पुन्हा हा उंबरा चढायचा नाही. तुझा बाप एकोणीस वर्षांचा. आदल्या दिवसापर्यंत ताईची बाजू घेईन म्हणत होता. ऐन वेळी दारात उभा राहिला आणि एक शब्द बोलला नाही. पस्तीस वर्षं झाली. माझी आठवण तिथं ठेवू नकोस.

तब्येतीला जप. तिथल्या धुळीत नाकाला फडकं बांधत जा.
तुझी आत्या

१९ मार्च

ती. आत्यास सा. न. वि. वि.

रागावशील, पण तुझं पत्र मी बाबांना वाचून दाखवलं. ते बराच वेळ चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, की त्या दिवशी जीभ टाळ्याला चिकटली. पुढे नेच्याला पाणी घालणं तेवढं जमलं. अजून एक दिवसाआड घालतात. आईला वाटायचं, फिरायला जातात.

मधल्या खोलीतला कागद कोरा ठेवलाय. तो ताईने लिहायचा, असं बाबांचं म्हणणं. पुढच्या रविवारी घर लोकांसाठी उघडतंय.
तुझी आगाऊ चिमणी

२३ मार्च

चि. भाऊस अनेक आशीर्वाद.

चिमणीला वाटतं, तिने मला नवीन काही कळवलं. वडील गेल्याचं समजलं, त्या वर्षी मी आले होते. कोपऱ्यावर बसमधून उतरले. खिडकी उघडी होती. एका हाताने पानं बाजूला सारून तू तांब्याने मुळाशी पाणी घालत होतास, मी शिकवलं होतं तसं. हाक मारायला तोंड उघडलं, आणि तशीच परत फिरले. त्या घरातला राग तेवढा माझ्याजवळ उरला होता, तोही सोडवेना.

तेव्हा भाऊ, गप्प राहणारा तू एकटा नव्हतास. हे तुला दुसरं कुणी सांगू शकलं नसतं.

शनिवारी दुपारच्या गाडीने येते. स्टेशनवर ये. केस पार पिकलेत, नीट बघ.

लोभ होताच, कळवायला उशीर झाला.
तुझी ताई